बासष्ट की बावन्न

॥ श्री ॥
शिरगाव, ता. पालघर
१४ सप्टेंबर १९८६

चि. जानूस, महादूचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नारळी पुनवेच्या आधी मिळालं आणि उत्तर आज लिहितो आहे. फार उशीर झाला, थोरल्याला क्षमा कर. आधी गुडघा धरला, मग गणपती आले, मग पावसाने शाईची बाटली सांडली. खरं सांगायचं तर तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा कागद चुलीत घातला. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. मनात असतं ते कागदावर उतरेपर्यंत भलतंच होतं, म्हणून भीती वाटते.

तू लिहिलंस ते मी असं समजलो. चुकत असेल तर सांग. तुमचं जहाज मे महिन्यापासून स्पेन देशाच्या त्या बेटाच्या बंदरात बांधून ठेवलं आहे. मालक पळाला. कोर्टाने जहाजाला सील लावलं आणि तुम्हा अकरा जणांचे पासपोर्ट काढून घेतले. जमिनीवर उतरायची मनाई. खलाशांसाठी काम करणारा एक पाद्री येतो. तो म्हणाला की साठीच्या वरच्या माणसाला कोर्ट खलाशी म्हणून धरत नाही, त्यामुळे असा माणूस असेल तर त्याला घरी पाठवता येईल, फक्त वयाचा कागद हवा. बरोबर ना?

पण जानू, तुझ्या वयाचा एक कागद जगात आधीच आहे, आणि तो माझ्या हातचा आहे. अठ्ठावन्न साली तू बोटीवर लागायला निघालास तेव्हा चौतिसाचा होतास, आणि तिथे पंचविसाच्या आतला माणूस हवा होता. मी शाळेत शिपाई. तू शाळेची पायरी चढला नव्हतास, तरी मी दाखल्याच्या पुस्तकातून एक पान फाडलं, जन्मतारीख १ जून १९३४ घातली आणि हेडमास्तरांची सही मीच केली. शिक्का तर माझ्याच ताब्यात असायचा. त्या एका दाखल्यावर तुझी अठ्ठावीस वर्षं दर्यावर गेली. कागदावर तू बावन्नचा. आईच्या पोटचा बासष्टचा.

परवा पालघरला तहसील कचेरीत जाऊन आलो. जुन्या काळी गावचा कोतवाल जन्ममृत्यूची नोंद करायचा, ती पुस्तकं तिथे आहेत. बाई म्हणाल्या, पुस्तक फार जुनं आहे, पानं सुटली आहेत, दिवाळीनंतर या. शिवाय त्यात पोराचं नाव नसतं म्हणे, 'धर्माजी तांडेल यास मुलगा' एवढंच असतं. तो मुलगा म्हणजे तूच, असं कुणा वडीलधाऱ्याने शपथेवर लिहून द्यावं लागतं. आणि आधीचा दाखला वेगळा का, तेही लिहावं लागतं.

सहज विचारतो, आधीचा दाखला कुणी लिहिला हे तो पाद्री विचारेल काय?

जमनाला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ती रोज कुंपणाशी येऊन विचारते, "भावजी, कागुद आला का?" मी म्हणतो, बोट लांब गेली आहे.

हे पत्र वाचून फाडून टाक.

तुझा,
महादू

*

जहाजावरून, लास पाल्मास बंदर
८ ऑक्टोबर १९८६

ती. दादांना जानूचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. फाडलं नाही, कारण वाचायला इथे दुसरं काही नाही. पण उशीखाली आहे, काळजी करू नका. तुम्ही शिकवलेली बाराखडी आता कामाला येते, नाहीतर माझी पत्रं चंद्रभानला लिहावी लागली असती. चंद्रभान म्हणजे आमचा इंजिनवाला, जळगावकडचा आहे, पंचवीस वर्षांचा, तोंडाने तिखट.

दादा, इथे धक्का इतका जवळ आहे की पलीकडच्या भिंतीवर बसून पोरं काय खातात ते दिसतं. मासळी तळल्याचा वास येतो. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत त्र्याण्णव पावलं. सकाळी वीस फेऱ्या मारायचो, आता चार मारतो. पायात माझेच बूट घट्ट झाले आहेत, लेसा सोडूनसुद्धा पाय आत जात नाही, म्हणून अनवाणीच असतो. बाकी ठीक.

रामोन नावाचा एक म्हातारा पहारेकरी आहे. खाली धक्क्यावर खुर्ची टाकून बसतो. आम्ही पळू नये म्हणून त्याला ठेवला आहे, आणि दिवसभर आमच्याशीच बोलत बसतो. तो मला त्यांची भाषा शिकवतो. पाद्रीला दुसरी भाषा येत नाही, म्हणून मी आधी वयाचंच शिकवायला सांगितलं. तुम्हालाही लिहितो, घरी पाठ करा, जमनालाही शिकवा.

"कुआन्तोस आन्योस तिएने?" म्हणजे आपलं वय किती. आन्योस म्हणजे वर्षं. बरोबरीच्याला 'तिएनेस' म्हणायचं, मानाच्या माणसाला 'तिएने'. पाद्रीला तिएनेस म्हटलं तर चालतं म्हणे, पण मी म्हणणार नाही. उत्तर द्यायचं, "तेंगो सेसेन्ता इ दोस आन्योस." सेसेन्ता साठ, इ म्हणजे आणि, दोस दोन. आपण म्हणतो, मला बासष्ट वर्षं झाली. जशी पावसात छत्री उडते तशी ती आपोआप होतात. हे लोक म्हणतात, माझ्याजवळ बासष्ट वर्षं आहेत. जशी खिशात विडी असते तशी. वाढदिवस आला की म्हणतात, अमुक वर्षं पुरी केली. चंद्रभान म्हणतो, हे बरोबर आहे, आमच्या गावी जेलातून सुटलेला माणूस असंच बोलतो.

म्हाताऱ्याला तोंडावर 'बिएहो' म्हणू नये, ते म्हणजे थेरडा. 'मायोर' म्हणावं, मोठा. आणि बाईला वय विचारूच नये. पाव घेऊन एक बाई येते, तिला चंद्रभानने मोठ्या ऐटीत "कुआन्तोस आन्योस" केलं. तिने तो लांब पावच त्याच्या डोक्यात घातला.

आता सगळे मला रोज विचारतात आणि मी रोज बासष्ट सांगतो. रामोन म्हणतो, जोरात बोल, तू चोरी केल्यासारखा का बोलतोस? त्याला काय सांगू. अठ्ठावीस वर्षं बावन्नाच्या अंगाने वागलो, बासष्ट म्हणताना जीभ अडखळते.

पाद्री नोव्हेंबरच्या शेवटी यादी करणार आहे. तोंडी वय सांगितलं तरी नाव घालतो म्हणाला, कागद मागाहून आला तरी चालेल, पण यायला हवा. दादा, दिवाळीनंतर नक्की कचेरीत जा. मला इथून जायचं आहे. इतकं कधी वाटलं नव्हतं.

जमनाला सांगा, मी बरा आहे.

तुमचा,
जानू

*

शिरगाव
५ नोव्हेंबर १९८६

चि. जानूस आशीर्वाद.

बूट लहान झाले असं लिहिलंस. या वयात पाय वाढतात हे नवलच आहे, तिकडचं खाणं मानवलेलं दिसतं. नवशाला बोईसरहून नऊ नंबरच्या रबरी चपला आणायला सांगितल्या आहेत. पार्सल करू की तू येईपर्यंत ठेवू, ते कळव.

तुझी भाषा पाठ करतो आहे. तुझी वहिनी येसूबाई म्हणते, "या वयात तोंडात काय ह्यो चिखल?" मी म्हटलं, बाई, तेंगो सेसेन्ता इ ओचो, माझ्याजवळ अडुसष्ट वर्षं आहेत. आठाला ओचो म्हणतात, हे आपल्या शाळेच्या वाचनालयवाल्याला विचारून आणलं. ती म्हणाली, "जवल हायत तर परत देऊन टाका की, कोन घेतंय का बगा." हसलो, पण नंतर जेवण गेलं नाही. कारण जानू, माणसाची वर्षं त्याच्याजवळ असतात हे खरं असेल, तर तुझी दहा वर्षं मी काढून घेतली ती आता कुणाजवळ आहेत? असले विचार येतात. गुडघ्याचं दुखणं बरं.

कचेरीचं काम अजून झालं नाही. त्या बाईंची बदली झाली. नवा माणूस म्हणतो, पुस्तक बांधणीला गेलं आहे. मी काय करणार? दोन खेपा झाल्या, तिसरीही घालीन.

बोईसरला जावयाकडे जाऊन आलो. नवशाला सगळी हकिकत दुसऱ्या कुणाची म्हणून सांगितली. त्याच्या खोलीत शिफ्टवरून आलेले तिघे-चौघे झोपले होते, त्यातला एक पांघरुणातूनच हिंदीत बोलला, "चाचा, उमर का खोटा कागज? अंदर जाएगा." नवशाने मग खरंच घडलेलं सांगितलं. त्याच्या कंपनीत खोट्या वयाच्या दाखल्यांवर लागलेले तीन जण निघाले. त्यांना नुसतं घरी पाठवलं. पण दाखले लिहून देणारा शाळेचा शिपाई होता, रिटायर झालेला, माझ्याच वयाचा. त्याला पोलीस जीपमधून घेऊन गेले. पेन्शन बंद. गावात मुलीच्या सासरची माणसं येईनाशी झाली. नवशा म्हणाला, "बाबा, तुमी का एवढे पांढरे पडलात?" मी म्हटलं, बसमध्ये मळमळलं.

हे तुला भीती घालायला लिहीत नाही. आपलं कळलं म्हणून लिहिलं. तुझा कागद मी आणणारच आहे. थोडा दम धर.

जमनाने बोंबील सुकत घातले आहेत, बांबूच्या वलांड्या भरून गेल्या आहेत. तुझ्या वाटचे वेगळे ठेवते.

महादू

*

जहाजावरून
१ डिसेंबर १९८६

ती. दादांना नमस्कार.

घाईत लिहितो. कागदाचं आता काही नको. पाद्री येऊन गेला. म्हणाला, सगळ्यांचाच निकाल लागतो आहे, नाताळच्या आसपास सर्वांना सोडतील, वयाचा प्रश्नच राहिला नाही. तेव्हा तुम्ही पालघरच्या खेपा घालू नका. ते पुस्तक बांधणीवाल्याकडेच राहू दे.

चपला पाठवू नका. इथे मिळाल्या.

नवशाच्या कंपनीतली गोष्ट वाचली. त्या शिपायाचं वाईट वाटलं. त्याने कुणाच्या तरी पोटासाठीच केलं असेल.

तुम्ही गुडघ्याला तेल लावत जा आणि जेवण टाकू नका.

जानू

*

शिरगाव
२१ डिसेंबर १९८६

चि. जानूस खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि देवाजवळ साखर ठेवली. तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. येसूबाई विचारते, "आज काय लॉटरी लागली?" मी म्हटलं, त्याहून मोठी.

जमनालाही सांगून टाकलं की तू येतो आहेस. ती आत जाऊन घर सारवायला लागली. सणासारखं अंगण केलं आहे. कोणत्या तारखेला मुंबईत उतरशील ते कळव, नवशा घ्यायला येईल. मीही येईन.

बघ, उगीचच घाबरलो होतो. सगळं आपोआप सरळ झालं. मी नेहमी म्हणतो, घाई केली की कामं बिघडतात.

महादू

*

जहाजावरून
११ जानेवारी १९८७

श्री. महादू तांडेल यांना चंद्रभानचा नमस्कार.

काका, तुमचा पत्ता जानूकाकांच्या उशीखालच्या पत्रावरून घेतला. त्यांना न विचारता लिहितो आहे. तुमचं डिसेंबरचं पत्र काल आलं. ते वाचून काका नुसते हसले आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिले, म्हणून मीही ते वाचलं. माफ करा.

नाताळ झाला. कुणालाही सोडलेलं नाही. सोडणार असं कुणी म्हणालंही नव्हतं.

२७ नोव्हेंबरला पाद्री यादी करायला आला तेव्हा मी शेजारी होतो. दोन महिने आम्ही सगळ्यांनी मिळून काकांचं "सेसेन्ता इ दोस" घोटून घेतलं होतं. झोपेतही बरोबर म्हणायचे. पाद्रीने विचारलं, "कुआन्तोस आन्योस तिएने?" काका म्हणाले, "सिंकुएन्ता इ दोस." म्हणजे बावन्न. पाद्रीला वाटलं चुकून बोलले. त्याने बोटांवर मोजून पुन्हा विचारलं. पुन्हा बावन्न. खालून रामोन ओरडला, "ओम्ब्रे, सेसेन्ता!" म्हणजे अरे बाबा, साठ! काकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिसऱ्यांदा बावन्न म्हणाले, चांगलं मोठ्याने, अजिबात न अडखळता. साठीच्या वरचा म्हणून आमचा सुतार एकटाच घरी गेला, तो एकसष्टचा आहे.

मी भांडलो. म्हटलं, "काका, डोकं फिरलंय का तुमचं? खरं बोलायला काय झालं होतं?" म्हणाले, "तुला थोरला भाऊ हाय का?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "मग गप बस."

काका, तुम्हाला वाटतं त्यांचे बूट लहान झाले. त्यांचे पाय सुजले आहेत, पोटऱ्यांपर्यंत. बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. शिडी चढता येत नाही, बसूनच झोपतात. एकदा इस्पितळात नेलं होतं, आठ दिवसांनी परत इथेच आणून सोडलं, कारण कोर्टाच्या कागदात ते बावन्न वर्षांचे खलाशी आहेत.

मार्चच्या शेवटी दुसरी यादी आहे. आता तोंडी चालणार नाही, कारण आधी बावन्न सांगितलं आहे. कागदच लागेल. तुमच्या घरात काय आहे ते मला माहीत नाही. मी लहान आहे, जास्त बोललो असेन. पाद्रीचा पत्ता मागे लिहिला आहे.

चंद्रभान

*

शिरगाव
९ फेब्रुवारी १९८७

चि. जानूस,

चंद्रभानवर रागावू नकोस. त्याचं पत्र आलं तेव्हा मी अंगणात होतो आणि जमना कुंपणाशीच होती. मी ते उभ्यानेच फोडून वाचलं, ते तिने पाहिलं. म्हणाली, "भावजी, मला वाचता येत नाय, पन तुमचं तोंड वाचता येतं. वाचा." मी सगळं वाचून दाखवलं, एक अक्षर गाळलं नाही. पायांचंही. आणि मग तुला जे आता लिहितो आहे, ते तिला सांगितलं.

कोतवाल पुस्तकाचं पान सुटलेलं नव्हतं. बदली झाली नव्हती. बांधणीलाही काही गेलं नव्हतं. सप्टेंबरात पहिल्याच खेपेला त्या बाईंनी अर्ध्या तासात नक्कल काढून, शिक्का मारून हातात दिली. 'सन १९२४, श्रावण, धर्माजी तांडेल यास मुलगा.' तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा ती माझ्या पेटीत धोतराखाली होती. साडेचार महिने तिथेच होती. फक्त शपथेचा कागद करायचा होता आणि त्यात माझं नाव घालायचं होतं. तेवढं माझ्याने झालं नाही. जीपची गोष्टही तुला उगीच लिहिली नव्हती. तू वाचावीस आणि आपणहून सोडून द्यावंस, असं मनात कुठेतरी होतं. लिहिताना मला ते कळलं नव्हतं असं म्हणणार होतो, पण कळलं होतं.

मला वाटलं जमना ओरडेल. ती म्हणाली, "मी अंगन सारवला. तुमी बगत होते. बगत होते ना तुमी?" एवढंच. मग पेटीपाशी जाऊन उभी राहिली. लग्नाला सहा वर्षं झालेली असताना तू बोटीवर गेलास, त्यानंतर वर्षातून महिना-दीड महिना तिने तुला पाहिला असेल. मी पेटी उघडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पालघरला गेलो. वकिलाने लिहून दिलं ते मी स्वतःच्या हाताने पुन्हा उतरवून काढलं, कारण खोटंही माझ्याच हातचं होतं. 'मी महादू धर्माजी तांडेल, वय अडुसष्ट, शपथेवर लिहितो की जानू हा माझा सख्खा धाकटा भाऊ, त्याच्या जन्माच्या वेळी मी सहा वर्षांचा होतो, आईच्या बाळंतपणात दाराबाहेर बसलो होतो. १९५८चा शाळेचा दाखला खोटा असून तो मी लिहिला, सही मी केली, जानूला तेव्हा लिहितावाचता येत नव्हतं, त्याचा यात काही गुन्हा नाही.' वकील म्हणाला, "आजोबा, शेवटचं वाक्य लिहायची गरज नाही, त्याने सगळं तुमच्याच अंगावर येतं." मी म्हटलं, म्हणूनच लिहितो. मॅजिस्ट्रेटसमोर सही करताना त्यांनी विचारलं, "समजून करता ना?" जमना मागून म्हणाली, "समजूनच करतायत."

नक्कल आणि शपथपत्र रजिस्टर पोस्टाने पाद्रीच्या पत्त्यावर गेलं आहे, ३० जानेवारीला. दुसरी प्रत जहाजावर तुझ्या नावाने. पावत्या जमनाजवळ आहेत, माझ्याजवळ ठेवायला ती तयार नाही.

इथलंही सांगतो, लपवत नाही. शपथपत्राची प्रत शिक्षण खात्याकडे गेली. परवा पोलीस पाटील चिंधू येऊन गेला. त्याला मीच शाळेत कान धरून बसवायचो. खाली बघून म्हणाला, "काका, चौकशी होयस्तवर गाव सोडू नका, वरून सांगितलंय." पेन्शन या महिन्याची आली नाही. नवशाला खरं काय ते कळलं, त्याने पुष्पलताला तेव्हापासून माहेरी पाठवलेली नाही. येसूबाई बोलते, पण कामापुरतं. मी ओटीवरून किनाऱ्यापर्यंत जातो आणि परत येतो. त्यापुढे गेलो तर लोक विचारतात. दिवस फार लांब असतो रे. तू मेपासून कसा काढतो आहेस?

तू बावन्न म्हणालास ते माझ्यासाठी, हे मला माहीत आहे. आता तसं म्हणू नकोस. आता तसं म्हटलंस तर माझा खरा कागदही खोटा पडेल. कुणीही विचारलं, कोणत्याही भाषेत विचारलं, तरी बासष्टच सांग. माझं जे व्हायचं ते सहीबरोबर होऊन गेलं, ते तुझ्या बोलण्याने आता कमी होत नाही की वाढत नाही.

पायाखाली उशी घेऊन झोप. मीठ कमी खा. पाय सुजणं म्हणजे काय ते मी इथल्या डॉक्टरला विचारलं. तो जे म्हणाला ते लिहीत नाही.

टपाल अकराच्या सुमाराला येतं, मी नऊपासून ओटीवर बसतो. जमना कुंपणाशी असते. आम्ही एकमेकांशी बोलत नाही, पण दोघंही तिथेच असतो. कागद पोचला की नाही, यादीत नाव लागलं की नाही, हे सगळं मागाहून सविस्तर लिही. तुझ्याने होत नसेल तर चंद्रभानच्या हातून लिहवून घे. कसा आहेस तेही मागाहून सांग. नुसतं आहेस, एवढं लवकर कळव.

महादू